ॲडिक्वेट म्हणाल्या, म्हणजे नेमकं काय म्हणाल्या?

एका वाचकाचं पत्र, नाव-गाव काढून आणि थोडं आटोपशीर करून:

"शाळा मराठी माध्यमाची, नोकरी परदेशी क्लायंटबरोबर. मेल, कॉल सगळं इंग्रजीत. वर्षअखेरच्या फीडबॅकमध्ये तिकडच्या मॅनेजर बाईंनी लिहिलं की तुमचं डॉक्युमेंटेशन ॲडिक्वेट आहे. डिक्शनरीत बघितलं तर पुरेसं, समाधानकारक. मी खूश. मग टीममधला एक सीनियर म्हणाला, अरे ही स्तुती नाहीये, जेमतेम पास केलंय तुला. त्याआधीही असंच, बाईंनी मदतीला एक माणूस देऊ का विचारलं तेव्हा मी लिहिलं, 'नो थँक्स, वी हॅव इनफ पीपल', तर एका शब्दाचं उत्तर आलं, 'नोटेड'. सीनियरचं म्हणणं, इनफ आणि लॉट ऑफ हे शाळकरी शब्द सोड, प्लेथोरा, अबंडंट, कोपियस वापर, इंप्रेशन पडतं. त्याने दिलेली यादी पाठ करतोय पण आता साधा मेल लिहायलाही हात चालत नाही. या सगळ्यांचा अर्थ भरपूर असाच आहे ना, मग एवढे शब्द कशाला? बाईंना काय उत्तर देऊ? की माझं इंग्रजीच पुरेसं नाही असं त्यांना सुचवायचंय?"

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते कारण बाकीची भीती मला वाटतं तिथूनच आलीय. बाईंनी तुमच्या इंग्रजीबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही, लिहिलंय ते डॉक्युमेंटेशनबद्दल. डॉक्युमेंटेशन बेताचं असण्याची कारणं शंभर असतात, स्क्रीनशॉट कमी असतील, जुने व्हर्जन अपडेट केलेले नसतील, नव्या माणसाला सुरुवात कुठून करायची ते कळत नसेल. त्यावरून "माझी भाषाच कमी" इथपर्यंतची उडी तुम्ही मारलीय, त्यांनी नाही. तो विषय सध्या बाजूला ठेवा.

आता "सगळ्यांचा अर्थ भरपूरच ना" हे. असं वाटतं खरं, पण तुम्ही मराठीत काय करता ते बघा ना. पाणी मुबलक असतं, गर्दी चिक्कार असते, पैसा बक्कळ किंवा रग्गड असतो, एखाद्याने लेखन विपुल केलेलं असतं. "विपुल गर्दी होती" असं कोणी म्हणालं तर हसाल की नाही? हे तुम्हाला कोणी यादी देऊन पाठ करायला लावलं नव्हतं, हजार वाक्यं कानावर पडली आणि कुठला शब्द कोणाच्या शेजारी बसतो ते आपोआप समजलं. तसंच जेमतेम, पुरेसं, पुरून उरेल एवढं, आणि वैतागून म्हटलेलं "पुरे आता!", हे चारही पुरण्याबद्दलच आहेत पण यातला एकाच्या जागी दुसरा टाकला तर भांडण होईल. इंग्रजीतही एवढंच चाललंय, वेगळं काही नाही, फक्त तिथली हजार वाक्यं अजून तुमच्या कानावर पडलेली नाहीत आणि त्यांच्या जागी हातात एक यादी आलीय जिच्यात सगळ्या शब्दांसमोर एकच अर्थ लिहिलाय.

मी या शब्दांकडे बघताना एक प्रश्न विचारते, हा शब्द गरजेकडे बघतोय की ढिगाकडे? इनफ, सफिशियंट, ॲडिक्वेट, ॲम्पल, प्लेंटी हे सगळे कमीजास्त प्रमाणात गरजेकडे बघणारे आहेत, म्हणजे किती आहे हे ते सांगतच नाहीत, जेवढं लागतं त्याच्याशी तुलना करून सांगतात. दोन माणसं इनफ असू शकतात आणि दोनशे माणसं नॉट इनफ असू शकतात. अबंडंट, कोपियस, प्रोफ्यूज हे मात्र ढिगाकडे बघतात, कोणाला किती हवंय याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नाही. आणि तिसरे सरफिट, ग्लट आणि आपलं साधं टू मच, ज्यांच्यात ढीग गरजेच्या पुढे जाऊन त्रास द्यायला लागलेला असतो. हा एक प्रश्न डोक्यात ठेवला तर अर्धी यादी पाठ करायची गरजच पडत नाही.

ॲडिक्वेटवर जरा थांबूया कारण तुमचा जीव तिथे अडकलाय. शब्द लॅटिनमधून आलाय, मुळात अर्थ बरोबरीला आणलेला, म्हणजे गरजेची रेघ आहे तिथपर्यंत पोचलेला. रेघेच्या वर किती गेला याबद्दल तो गप्प असतो आणि ते गप्प राहणंच कधीकधी बोलतं. माणसाच्या कामाबद्दल, नाटकातल्या भूमिकेबद्दल कोणी ॲडिक्वेट म्हणालं तर ऐकणारा मनात म्हणतो, बरं, म्हणजे विशेष काही नव्हतं. त्यामुळे तुमचा सीनियर अगदीच चुकीचं सांगत नाहीये.

पण अर्धंच सांगतोय. कारण जिथे नियम असतात, मोजमाप असतं, तिथे ॲडिक्वेट हा अजिबात कमीपणाचा शब्द नाही. बँकांच्या जगात कॅपिटल ॲडिक्वसी म्हणतात, १९८८ च्या बासल या आंतरराष्ट्रीय बँकिंग करारात ठरलं की बँकेने जोखमीच्या हिशोबाने मोजलेल्या मालमत्तेच्या किमान ८ टक्के भांडवल ठेवायचं, ते असलं की ॲडिक्वेट, आणि कुठल्याही बँकेला यात अपमान वाटत नाही. युरोपियन युनियन बाहेरच्या एखाद्या देशाबद्दल जेव्हा ठरवतं की यांच्याकडे लोकांच्या डेटाची नीट काळजी घेतली जाते तेव्हा त्या निर्णयाचं नावच ॲडिक्वसी डिसिजन आहे, जपानला तो २०१९ मध्ये मिळाला, आणि तो मिळावा म्हणून देश वाटाघाटी करतात. तिथे ॲडिक्वेट म्हणजे दार उघडलं.

म्हणून तुमच्या बाईंनी तो शब्द कुठल्या अर्थाने वापरला ते एका शब्दावरून ना मला कळेल ना तुमच्या सीनियरला. फीडबॅक पुन्हा उघडा आणि बाकीच्या मुद्द्यांपुढे काय लिहिलंय ते बघा. बाकी ठिकाणी एक्सलंट, स्ट्राँग असं असेल आणि इथेच ॲडिक्वेट असेल तर हो, हळूच चिमटा आहे. फॉर्मवर आधीच ठरलेल्या पायऱ्या असतील, इनॲडिक्वेट, ॲडिक्वेट, गुड वगैरे, तर त्यांनी फक्त रकाना भरलाय. आणि सगळीकडेच ॲडिक्वेट असेल तर बाईंना फॉर्म संपवून घरी जायचं होतं, असंही असतं!

आता इनफ. हा शाळकरी शब्द आहे हे मला मान्यच नाही, जुन्या इंग्रजीपासून चालत आलेला शब्द आहे आणि मोठमोठे लोक तोच वापरतात. तुमच्या मेलमध्ये गडबड शब्दाच्या लहानपणाची नाही, सुराची आहे. इनफमध्ये दार लावून घेण्याचा एक सूर असतो. "दॅट्स इनफ" हे मुलांना गप्प करायला म्हणतात, "आय हॅव हॅड इनफ" म्हणजे पोट भरलं असंही होतं आणि मला वीट आला असंही होतं, आणि कागदावर तर चेहराही दिसत नाही. समोरच्याने आपणहून माणूस देऊ केला आणि तुम्ही "इनफ पीपल" म्हणालात, तर मराठीत "आहेत आमच्याकडे माणसं" असं म्हटल्यासारखं झालं. चूक काहीच नाही हो, पण गार. तेच "इनफ" ठेवून पुढे "फॉर नाउ" आणि एक थँक्स जोडला असता, की सध्या पुरतायत, गरज पडली तर नक्की सांगतो, तर काही वाटलं नसतं. अर्थात "नोटेड" हाही कदाचित नुसता नोटेडच असेल. एका शब्दाच्या उत्तरावर इतके दिवस विचार करणारे तुम्ही पहिले नाही पण तरी एवढा विचार त्याच्यावर नका करू.

इनफची जागा मात्र पक्की करून घ्या कारण इथे मराठी माणूस हमखास घसरतो. नामाच्या आधी येतो, इनफ टाइम, इनफ पीपल, पण विशेषणाच्या मागे जातो, बिग इनफ, क्लिअर इनफ. "इनफ क्लिअर" असं लिहू नका. सफिशियंटचं उलट, तो सफिशियंटली होऊन पुढेच उभा राहतो, सफिशियंटली क्लिअर. अर्थाने दोघं जवळजवळ सारखेच, सफिशियंट जरा कोट घालून आलेला, ऑडिट, कायदा, गणित असल्या ठिकाणी शोभतो. ऑडिटच्या आंतरराष्ट्रीय मानकांत तर तो नेमून दिलेल्या कामावर आहे, पुरावा सफिशियंट आहे का म्हणजे प्रमाणाने पुरतोय का, आणि ॲप्रोप्रिएट आहे का म्हणजे दर्जाने चालतोय का, असे दोन वेगळे प्रश्न विचारतात. तिथे सफिशियंटच्या जागी तुमच्या यादीतला कुठलाही भारी शब्द टाकलात तर ऑडिटर परत पाठवेल.

प्लेंटी आणि ॲम्पल हे दोघं पुरून उरणारे. प्लेंटीत एक निवांतपणा आहे, वी हॅव प्लेंटी ऑफ टाइम म्हणजे घाई नको, बसा. कोणी काही वाढत असेल, देत असेल तर "दॅट्स प्लेंटी, थँक यू" म्हणायचं, "दॅट्स इनफ" पेक्षा कितीतरी गोड लागतं, आणि हीच युक्ती तुमच्या माणसांच्या बाबतीतही चालली असती. फक्त नामाआधी ऑफ विसरायचा नाही, आणि नकारार्थी वाक्यात तो रुळत नाही, "वी डोंट हॅव प्लेंटी ऑफ टाइम" असं सहसा कोणी म्हणत नाही, तिथे सरळ मच किंवा इनफ. क्रियापद ऑफनंतरच्या नामाप्रमाणे, वॉटर असेल तर इज, बुक्स असतील तर आर. ॲम्पल तोच, पण ऑफिसच्या कपड्यात. ॲम्पल टाइम, ॲम्पल स्पेस, ॲम्पल एव्हिडन्स, त्याला ऑफ लागत नाही. ॲम्प्लिफायरमधला ॲम्पली तोच आहे, ऐसपैस.

मग ढिगाकडे बघणारे. अबंडंटच्या पोटात लॅटिनमधली लाट आहे, काठ ओलांडून वाहणारं पाणी, म्हणून तो निसर्गाला, साधनसंपत्तीला, विज्ञानाला शोभतो. विश्वात सगळ्यात अबंडंट मूलद्रव्य हायड्रोजन, आपल्या हवेत सगळ्यात अबंडंट नायट्रोजन, साधारण ७८ टक्के. हे वाक्य एकदम ठीक. पण "वी हॅव अबंडंट डेव्हलपर्स" लिहिलंत तर डेव्हलपर झऱ्यासारखे वाहतायत असं चित्र दिसतं. गंमत म्हणजे त्याच लाटेतून रिडंडंट हा शब्द आलाय, आणि ब्रिटनमध्ये कंपनीने माणूस कमी केला की त्याला रिडंडंट केलं म्हणतात! म्हणून माणसांच्या बाबतीत हे खानदान जरा लांबच ठेवलेलं बरं.

कोपियस नोट्स, प्रोफ्यूज ब्लीडिंग, प्रोफ्यूज अपॉलॉजी. हे जोडीनेच शिकायचे, एकटे नाही. प्रोफ्यूज हे शरीरातून किंवा तोंडातून भसाभसा बाहेर येणाऱ्या गोष्टींना लागतं, घाम, रक्त, माफी, आभार. कोणाला प्रोफ्यूज बजेट मिळालं असं होत नाही.

प्लेथोराबद्दल जरा सविस्तर सांगते कारण सीनियरचा तो लाडका दिसतोय. हा मुळात वैद्यकातला शब्द, ग्रीकमधून आलेला, शरीरात रक्त गरजेपेक्षा जास्त झालंय या विकाराला म्हणायचे. म्हणजे जन्मापासून यात "नको इतकं" हा भाव आहे. आज बरेच जण नुसतं "पुष्कळ" या अर्थाने वापरतात आणि ते आता चालूनही जातं, पण शब्दांबद्दल काटेकोर असलेला वाचक अजूनही तिथे अडखळतो. तुम्ही क्लायंटला लिहिलंत की आमच्याकडे फीचर्सचा प्लेथोरा आहे तर एखाद्याला वाटेल की तुम्हीच सांगताय, जास्त झालेत. माझं स्पष्ट मत विचाराल तर हा शब्द इंप्रेशन मारायला जितका वापरला जातो तितका अर्थ सांगायला वापरला जात नाही, मेनीने काम होत असेल तर मेनी लिहा.

ग्लट बाजाराचा शब्द, माल एवढा की घ्यायला कोणी नाही. एप्रिल २०२० मध्ये तेलाचा ग्लट इतका झाला की साठवायला टाक्या पुरेनात आणि २० तारखेला अमेरिकन कच्च्या तेलाच्या वायद्याचा भाव उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला, म्हणजे तेल घेऊन जा आणि वर पैसेही घ्या. हा शब्द चांगल्या बातमीत टाकायचा नाही. आणि टू मच, टू मेनी यांची गोष्टही तीच, बोलताना आपण कौतुकाने "टू गुड" म्हणतो ते ठीक, पण "यू हेल्प्ड अस टू मच" लेखी गेलं तर तक्रार वाटते. तिथे सो मच.

घाईघाईत एक अजून, कारण माझा अंदाज आहे की हेही तुमच्या मेलमध्ये सापडेल. "आय हॅव फ्यू क्वेश्चन्स" म्हणजे मला फारसे प्रश्न नाहीत. "आय हॅव अ फ्यू क्वेश्चन्स" म्हणजे थोडे आहेत, विचारू का. लिटल आणि अ लिटलचंही असंच. त्या एवढ्याशा अ ने वाक्य उलटं होतं, आणि प्लेथोराच्या दहापट जास्त वेळा हेच लागणार आहे तुम्हाला.

"एवढे शब्द कशाला" याचं मला जमेल तसं उत्तर असं की पुरणं ही गोष्ट माणसाला कधी साधी वाटलेलीच नाही. लॅटिनमध्ये पुरे याला सॅटिस म्हणायचे, त्यातून सॅटिस्फाय आला हे दिसतंच, पण असेटही तिथलाच, कर्ज फेडायला पुरेल एवढी मालमत्ता तो असेट. आणि सॅड, दुःखी वाला, तो जर्मॅनिक बाजूने त्याच कुळातला, जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता पोट भरलेला, मग जड झालेला, मग कंटाळलेला, मग उदास! गलोर हा शब्द आयरिशमधून आलाय, तिकडे त्याचा अर्थ पुरेसं आणि भरपूर असा दोन्ही, इंग्रजीत येऊन तो नुसता भरपूर झाला आणि नामाच्या मागे बसायला लागला, ऑफर्स गलोर. तर अर्थ असे सरकत असतात, म्हणून एका यादीत एका अर्थाखाली ते बसत नाहीत.

बरं, करायचं काय. यादी फाडू नका पण पाठ करणं थांबवा. त्यातला शब्द घ्या आणि तो प्रत्यक्ष कुठल्या नामाबरोबर येतो ते दोन-चार ठिकाणी बघा, बातमीत, रिपोर्टमध्ये, मोठ्या लर्नर्स डिक्शनऱ्यांमध्ये उदाहरणं असतातच, तिथे अर्थाच्या आधी उदाहरणं वाचा. आणि सगळ्यात उपयोगाचं म्हणजे त्याच बाईंचे जुने मेल चाळा, त्या स्वतः भरपूर म्हणायला काय वापरतात. मी पैजेवर सांगते, लॉट्स ऑफ आणि प्लेंटी ऑफच सापडेल. ज्याच्याशी बोलायचंय त्याच्याच शब्दांत बोललं की इंप्रेशनची काळजी आपोआप मिटते. शब्द वाचताना भारी शब्द ओळखता आले पाहिजेत, लिहिताना ते आलेच पाहिजेत असं नाही, हे दोन वेगळे साठे आहेत आणि दुसरा लहान असला तरी चालतो. इंग्रजी पुरेसं आहे का या प्रश्नालाही तोच माझा प्रश्न लावा, कशासाठी पुरेसं? हर्बर्ट सायमन म्हणून अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले एक विद्वान होते, त्यांनी १९५६ मध्ये सॅटिस्फाय आणि सफाइस जोडून सॅटिस्फाइस असा शब्द वापरला, माणूस सगळ्यात उत्तम पर्याय शोधत बसत नाही, आपल्या गरजेची रेघ ओलांडणारा मिळाला की थांबतो, असं त्यांचं म्हणणं. क्लायंटला काम समजावण्यासाठी तुमचं इंग्रजी ती रेघ ओलांडतंय, नाहीतर ही नोकरी इतके दिवस चालली नसती. अजून चांगलं हवं असेल तर जरूर करा, पण ते हौसेने, धास्तीने नको.

राहिला बाईंना द्यायचा मेल. ॲडिक्वेट म्हणजे काय असं विचारू नका, ते जाब विचारल्यासारखं होईल आणि त्याही अवघडतील. तो शब्द सरळ घ्या आणि पुढची पायरी विचारा, साध्या इंग्रजीत, साधारण असं: "थँक यू फॉर द फीडबॅक. यू सेड द डॉक्युमेंटेशन इज ॲडिक्वेट. आय वुड लाइक टू मेक इट बेटर. आर देअर एनी पार्ट्स दॅट आर नॉट क्लिअर इनफ?" बघा, इनफ आहे, क्लिअरच्या मागे आहे, आणि इथे तो दार लावत नाही. माणसाचा विषय पुन्हा निघालाच तर "वी आर फाइन फॉर नाउ, बट थँक यू, आय विल लेट यू नो इफ दॅट चेंजेस". पाठवण्याआधी सीनियरला दाखवलंत तर तो त्यात किमान एक कोपियस घालायला सांगेल, हो म्हणा आणि आहे तसाच पाठवा.